विनय, संमती आणि मिरवणूक

‘संमती’ हा शब्द मराठी चव्हाट्यावर गाजला तो १८९१ साली. १९ मार्चला संमतिवयाचा कायदा मंजूर झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, म्हणून टिळकांनी विरोध केला. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्याच पुण्यात गणपती सार्वजनिक झाला. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. त्या शेजारी ठेवून वाचल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. संमतीचा वाद घराच्या आत झाला आणि उत्सव घराबाहेर पडला. उत्सवाच्या गर्दीत बाईच्या संमतीचे काय, हे विचारण्याची वेळ कोणावर आली नाही.

कारण त्या गर्दीत ती धरलेलीच नव्हती. पांढरपेशा घरातली बाई माडीवरून मिरवणूक पाहणार. मंगळागौर, भोंडला, हळदीकुंकू हे तिचे सण उंबऱ्याच्या आत. कष्टकरी बायका मात्र बाजारात, जत्रेत, वारीत रस्त्यावर होत्याच. शिमग्यातल्या शिव्या आणि अंगचटपणा त्यांनीच आधी सोसला. ‘शिमगा गेला तरी कवित्व उरते’ असे आपण हसत म्हणतो. ते कवित्व कोणाच्या वाट्याला उरत होते, हे म्हणीत आलेले नाही.

कायद्यालाही इथे ‘संमती’ सुचली नाही. १८६० च्या दंडसंहितेतील कलम २९४ अश्लील गाण्यांसाठी होते आणि कलम ३५४ ‘विनयभंगा’साठी. विनयभंग या शब्दातच मेख आहे. विनय बाईने सांभाळायचा. त्यामुळे चौकशी तिच्यापासूनच सुरू होते. ती तिथे का गेली, काय नेसली होती, सोबत कोण होते? हात कोणाचा होता, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी पळवाट ‘क्षुल्लक’ या शब्दाची. १९८८ साली चंडीगडमधल्या एका मेजवानीत पंजाबचे पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या सनदी अधिकारी महिलेशी गैरवर्तन केले. उच्च न्यायालयाने तक्रार रद्द केली; त्यात क्षुल्लक इजेला गुन्हा न मानणाऱ्या कलम ९५ चाही आधार होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आधार फेटाळला आणि पुढे गिल दोषी ठरले. ‘सणासुदीला एवढे मनावर काय घ्यायचे?’ या आपल्या नेहमीच्या वाक्याला या निकालाने उत्तर दिले आहे.

संमतीचा नवा अर्थ घडण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, या मुद्द्याला वजन देत सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुकाट शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक असतो, हा त्याचा गाभा. १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कायद्यात आली: ती स्पष्ट आणि स्वेच्छेची हवी, केवळ प्रतिकार केला नाही म्हणून ती गृहीत धरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७४ मध्ये ‘विनय’ टिकून आहे. पण लगेच पुढच्या कलम ७५ मध्ये ‘नकोसा’ स्पर्शही आहे. दोन शतकांचे शब्द तिथे शेजारी नांदतात.

हे सगळे पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये वाचताना निराळे भासते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९८२ मध्ये महापालिका झाली आणि १५ ऑगस्ट २०१८ पासून चाकण, देहू, आळंदीसह इथे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आले. मराठवाडा, विदर्भ आणि परराज्यांतून आलेल्या मुली इथे कारखान्यात काम करतात आणि कॉट बेसिसवर राहतात. त्यांना वाडा नाही, माडी नाही. त्या थेट रस्त्यावरच्या उत्सवात उतरतात. कुणी पाहायला जाते, कुणी पथकात ढोल वाजवते.

कंपनीतल्या गणपतीच्या आरतीला गैरप्रकार झाला, तर २०१३ च्या कायद्याने नेमलेल्या अंतर्गत समितीकडे दाद मागता येते. गेटबाहेरच्या मंडपात अशी समिती नाही. तिथे ११२ क्रमांक आहे, पोलीस आहेत आणि त्यांच्याही आधी मंडळाचे कार्यकर्ते आहेत. मंडळांच्या बैठकांत वर्गणी, देखावा, आवाजाची मर्यादा, विसर्जनाची वेळ यांवर बोलणे होते. गर्दीत एखाद्या मुलीने हात झटकला, तर कोणता कार्यकर्ता तिच्या बाजूला उभा राहील, हेही तिथेच ठरायला हवे. त्याला कायदा बदलावा लागत नाही. एक नाव लिहावे लागते.