शिळी भाकर

सकाळच्या घाईत झटपट आणि पौष्टिक काय करावं, असं नातसुना विचारतात. आमच्या वाशीमकडे त्याचं उत्तर रात्रीच तयार असायचं: उरलेली ज्वारीची भाकर. ताकात कुस्करली, वर कांदा-मिरची, झाली न्याहारी!

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो आली. लोकांनी तिचीही भाकरच थापली. दुष्काळात न सुटलेली भाकर सुटली ती पुढे, सोयाबीन आल्यावर. हाती रोख पैसा आला, पण ज्वारीचा पेरा घटला, कडबाही गेला.

२०२३ हे जगभर तृणधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? सोयाबीननं पोरांच्या फिया भरल्या. फक्त शेतातली न्याहारी आता दुकानातून आणावी लागते.