मुलाची सर्दी आणि फुटलेला कान

देवी, पटकी आणि प्लेग यांचे इतिहास पुष्कळांनी लिहिले आहेत. मुलांच्या सर्दीचा आणि त्यामागून येणाऱ्या कानदुखीचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. कारण उघड आहे. सर्दीने फौजा परत फिरत नाहीत, राज्ये बुडत नाहीत. फक्त रात्री दोन वाजता मूल कान धरून किंचाळू लागते, आणि सकाळी सात वाजता कामावर जायचे असते ती आई डोळ्याला डोळा न लावता त्याला खांद्यावर घेऊन फिरते. आम्ही गेली तीस वर्षे ज्या बायकांच्या संघटनेचे काम करतो, त्यांच्या खाडाबुडीच्या हिशेबात मुलाचे आजारपण वारंवार येते. म्हणून ह्या क्षुद्र समजल्या गेलेल्या दुखण्याची कुळकथा आज आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत. आम्ही वैद्य नव्हे. वाचून आणि विचारून जे कळले तेवढेच सांगू.

सर्दी नाकाला होते आणि दुखतो कान, हे कसे? नाकामागच्या पोकळीतून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. तिचे नीट वर्णन इटलीच्या बार्तोलोमेओ युस्ताकी या शरीरशास्त्रज्ञाने १५६४ साली छापून प्रसिद्ध केले, आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. मोठ्या माणसात ही नळी लांब आणि उतरती असते. तान्ह्या मुलात आखूड, रुंद आणि जवळजवळ आडवी. सर्दीने तिचे अस्तर सुजले की ती बंद पडते, कानातली हवा शोषली जाते, तिच्या जागी पाणी साचते, आणि नाकात एरवी निमूटपणे राहणारे जंतू त्या पाण्यात वाढून त्याचा पू करतात. पडदा ताणला जातो, मूल तळमळते. पडदा फुटला की पू वाहतो आणि मूल झोपी जाते. आमच्या आयाबाया कानात कोमट तेल घालीत. पण दुखणे असते पडद्याच्या आत आणि तेल राहते बाहेर. पडदा फुटलेला असेल तर ते आत जाऊन अपायच करणार.

पू नेहमीच बाहेरच्या वाटेने येत नसे. कधी तो कानामागच्या हाडात शिरे आणि तेथून मेंदूच्या आवरणाशी पोहोचे. ते हाड फोडून पूला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया पॅरिसच्या झां-लुई पेती याने अठराव्या शतकात यशस्वी केली होती. परंतु १७९१ साली डेन्मार्कच्या दरबारी वैद्याने, बर्गरने, आपल्या बहिरेपणावर तीच करवून घेतली आणि काही दिवसांत तो दगावला. एका बड्या माणसाच्या मृत्यूने एक उपयोगी उपचार जवळजवळ ऐंशी वर्षे बदनाम होऊन पडला! १८७३ साली जर्मनीत हाले येथे हेर्मान श्वार्त्से याने त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली. मधल्या काळात किती गरिबांची मुले गेली असतील, त्यांच्या नावाने कोणी काही बदनाम केले नाही.

ह्याच काळात लंडनला जोसेफ टॉयन्बी नावाचा डॉक्टर होता. गरिबांच्या दवाखान्यात काम करी आणि मृतांचे सुमारे दोन हजार कान त्याने चिरून पाहिले. युस्ताकीची नळी एरवी मिटलेली असते व गिळताना उघडते, हे त्याने दाखवून दिले. कानातल्या नादावर क्लोरोफॉर्मच्या वाफेचा प्रयोग स्वतःवर करीत असता १८६६ साली तो मरण पावला. कामगार चळवळीतल्या माणसाला हे आडनाव ओळखीचे वाटेल. औद्योगिक क्रांतीवरील प्रसिद्ध व्याख्याने देणारा अर्नोल्ड टॉयन्बी हा त्याचाच मुलगा. बापाने कान उघडून पाहिले, लेकाने कारखाने.

आता सर्दीकडे वळू. ती गारठ्याने होते असेच सर्वांना वाटे. १९१४ साली लाइपझिगच्या वाल्टर क्रूझे याने सर्दी झालेल्या आपल्या सहायकाच्या नाकातले पाणी जंतू अडतील अशा गाळणीतून गाळले आणि बारा सहकाऱ्यांच्या नाकात थेंब थेंब सोडले. चौघांना सर्दी झाली. मग छत्तीस विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग केला, त्यांतील पंधरांना झाली. म्हणजे गाळणीतून निसटणारे, जंतूहूनही सूक्ष्म असे काही त्यात होते. तोच विषाणू.

दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात सॉल्झबरीजवळ, अमेरिकनांनी मागे ठेवलेल्या लाकडी इस्पितळात, १९४६ साली सर्दीच्या संशोधनाचे केंद्र निघाले. तेथे धडधाकट माणसे दहा दिवस फुकट राहायला येत. जेवण, प्रवासखर्च आणि थोडा हातखर्च मिळे. दोघातिघांना एकत्र ठेवीत, बाहेरच्यांपासून लांब. कोणाच्या नाकात विषाणू सोडीत, कोणाच्या नुसते पाणी, आणि वापरलेले रुमाल मोजीत. काहींना ओल्या अंगाने वाऱ्याच्या झोतात उभे केले. नुसत्या गारठ्याने सर्दी झाली नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत ऱ्हायनोव्हायरस सापडला. त्याचे आज दीडशेहून अधिक प्रकार ठाऊक आहेत, म्हणून सर्दीवर लस निघाली नाही. १९६५ साली ह्याच सॉल्झबरीला एका शाळकरी मुलाच्या सर्दीतून एक निराळा विषाणू वाढवण्यात आला. तो कोरोनाच्या कुळातला होता. २०२० साली त्या कुळाचे नाव साऱ्या जगाला पाठ झाले. सॉल्झबरीचे केंद्र मात्र १९९० लाच बंद झाले होते.

सल्फाची औषधे १९३५ नंतर आणि पेनिसिलिन १९४० च्या दशकात आले, तेव्हा हाड फोडण्याची पाळी क्वचितच येऊ लागली. हा उपकार मोठा आहे. पण मग प्रत्येक शेंबड्या नाकालाही तीच बाटली मिळू लागली, आणि विषाणूवर ती काडीइतकी चालत नाही. उलट जंतूच तिला निर्ढावले. म्हणून १९९० च्या सुमारास नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी नियम केला: साधी कानदुखी असेल तर वेदनाशामक द्या, दोनतीन दिवस वाट पाहा. बहुतेक मुले आपोआप बरी होतात. तान्हे मूल असेल, ताप फार असेल, कान वाहत असेल किंवा कानामागे सूज आली असेल, तर थांबायचे नाही. न्यूमोनिया आणि कानदुखी दोहोंचे कारण असलेल्या न्यूमोकोकस जंतूवरील लस आपल्या सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली.

वाट पाहा, हे शास्त्र खरेच. परंतु वाट पाहणार कोण? मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आया मुलाला अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. कान दुखणाऱ्या मुलाचे रडणेही तिनेच थांबत असणार. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली. कित्येक ठिकाणी एकोणतिसावर भरती थांबलेली आम्ही पाहिली आहे! २०१७ च्या मातृत्व कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघराची अट घातली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई कोणत्याच आस्थापनेत मोजली जात नाही. ते दोनतीन दिवस तिचे मूल दुसऱ्याच्या ओट्याखाली, गोधडीवर, कान धरून निजलेले असते.