बर्फाची शिल्लक

बँकेची एलएफसी वाया जाऊ नये म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आम्ही उभयता औलीला गेलो. उताराशी माझी ओळख दहा तारखेनंतरच्या पासबुकापुरती! पाहतो तो बर्फ नाहीच. वाळल्या गवतावर स्कीवाली मंडळी तावातावाने भांडताहेत. एक म्हणे, उतार गुलमर्गचेच. साहेबाने १९२७ साली तिथे स्की क्लब काढला, तेव्हा डोंगर पायी चढायचा आणि मग घसरायचे. १९९८ साली पाळणा आला, २००५ साली तो अफरवाटच्या खांद्यापर्यंत गेला.

"आणि वारा सुटला की बंद!" दुसरा गुरगुरला. "नवशिक्याला औलीच बरी. शिवाय समोर नंदादेवी."

कुफ्रीचे नाव निघाले तसे एक आजोबा गप्प झाले. ते स्की तिथेच शिकले होते. त्या महिन्यात गुलमर्गही कोरडेच होते म्हणा, त्यामुळे वाद सगळा बुडीत खात्यावरच्या व्याजासारखा, कागदोपत्री.

"आम्हाला रोपवेने यायचं होतं," मीही कुरकुरलो. जोशीमठहून येणारा चारेक किलोमीटरचा तो रोपवे गाव खचू लागल्यामुळे जानेवारी २०२३ पासून बंद होता. चहावाला जोशीमठचाच निघाला.

"साहेब, तुमचा पाळणा बंद आहे," तो म्हणाला, "माझ्या भिंतीत हात जातो."

मी निमूटपणे आणखी दोन चहा सांगितले.