तळटीप : प्रायश्चित्त आणि ग्रीकांचा दंडविचार

१. ‘देहान्त प्रायश्चित्त’ : ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांस हे शासन सांगितले, अशी परंपरा आहे. येथे ‘शिक्षा’ न म्हणता ‘प्रायश्चित्त’ म्हटले, हे मननीय होय. कारण दंड ही दूषित आत्म्याची चिकित्सा असून, अन्याय करून दंडावाचून सुटलेला मनुष्य दंड भोगणाऱ्याहून अधिक अभागी ठरतो, असा जो सिद्धान्त प्लेटोने ‘गॉर्जियास’ संवादात सॉक्रेटिसाच्या मुखाने मांडला, त्याच्याशी या शब्दाचे निकटचे नाते आहे. ॲरिस्टॉटलने मात्र दोष देण्यापूर्वी कृत्य स्वेच्छेचे, बळजबरीचे की अज्ञानाचे, याची चौकशी आवश्यक मानली. नारायणरावांस ‘धरावे’ या मूळ हुकुमातील ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ असे कोणी केले, हा आपला जुना प्रश्नही त्याच जातीचा आहे.

— संपादक, अण्णा नगर, चेन्नई