भोंगा, पडदा आणि बारा-पंधराची खोली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘रिसीव्हर’ हा शब्द आपल्याकडे होम थिएटरच्या कितीतरी आधी आला. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्या परवान्याच्या पुस्तकात तिकीट चिकटवून घ्यावे लागे. त्या तिकिटावर इंग्रजीत ‘ब्रॉडकास्ट रिसीव्हर’ असे छापलेले असे. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत चालू होती. आज बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या दुकानात पहिले होम थिएटर घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार विचारतो, ‘रिसीव्हर कोणता दाखवू?’ तेव्हा पन्नाशी-साठीच्या ग्राहकाच्या डोळ्यांसमोर क्षणभर जुना रेडिओच येतो. आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पाश्चात्त्य देशांत 1950 नंतर संगीताचे शौकीन रेडिओचा ट्यूनर वेगळा आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घेत असत. कंपन्यांनी ही दोन्ही यंत्रे एका पेटीत घातली आणि त्या पेटीला ‘रिसीव्हर’ म्हटले. पुढे सिनेमाचा चहूबाजूंचा आवाज घरात आला, तो उलगडण्याचे कामही त्याच पेटीकडे गेले. रेडिओ बाजूला पडला, नाव तेवढे टिकले.

आपल्या भागाने आवाज ऐकायला कुठे शिकले, हे पाहिल्याशिवाय आज आपण दुकानात काय मागतो ते कळायचे नाही. आपण शिकलो ते उघड्यावर.

त्या आधी आवाज होता तो माणसाच्या गळ्याचा. देवळाच्या सभामंडपात कीर्तनकार उभा राहिला की शेवटच्या खांबाला टेकलेल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचवणे ही त्याची विद्या होती. विजेच्या ध्वनिवर्धकाने ती मर्यादा मोडली. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी अमेरिकेत 1915 साली मोठ्या जमावापुढे त्याचे प्रयोग केले. आपल्याकडे नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने हे यंत्र राजकीय सभांत आणले. 1931च्या कराची काँग्रेसला त्यांचे ध्वनिवर्धक होते. गांधीजींच्या, नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते, ती हीच.

त्याच वर्षी, 14 मार्च 1931 रोजी, मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलमआरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. पुढच्या वर्षी ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पडदा मराठीत बोलला. पण मुंबई-पुण्याची गोष्ट वेगळी. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. रेडिओ म्हणजे हैदराबादचे सरकारी केंद्र, भाषा मुख्यतः उर्दू. सेट महाग आणि गावात वीज नाही. ज्याच्याकडे सेट असे, तो बॅटरी भारून आणण्यासाठी शहराकडे माणूस पाठवी. 1948च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, 1950 साली हैदराबादचे केंद्र आकाशवाणीकडे गेले आणि 1956च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला.

या 1956 सालाशी निगडित एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. गावातील वीसेक माणसांनी रेडिओभोवती बसायचे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. शेजारचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा त्यात होता. बीड तेव्हा दुसऱ्या राज्यात होते, त्यामुळे राहून गेले. प्रयोग शेतीसुधारणेसाठी होता, पण त्यात ऐकण्याचाही एक धडा होता. वीस माणसे, एक खोली, एक लहानसा स्पीकर आणि प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे ही अट, कारण पुढे चर्चा व्हायची आहे. हा धडा आपल्याकडे आला नाही. आपल्याकडे आला तो भोंगा.

भोंग्याला नावे ठेवायचे मला कारण नाही. ते यंत्र मोठे हुशार आहे. आतला पडदा तळहाताएवढाही नसतो, पण पुढचा कर्णा त्याची हालचाल बाहेरच्या हवेला अशा बेताने जोडून देतो की थोड्याशा विजेत आवाज शिवारापार जातो. सप्ताहाच्या मंडपाला, यात्रेच्या माळाला दुसरे काही परवडलेच नसते. मात्र त्याची किंमत असते. भोंगा मृदंगाचा धुमारा गाळून टाकतो, वरची नाजूक किनारही गाळतो आणि मधली पट्टी तेवढी पुढे रेटतो. माणसाचे बोलणे त्या पट्टीत बसते म्हणून ते लांबवर कळते.

फिरते सिनेमे आले तेही याच भोंग्याच्या आधाराने. दिवाळीनंतर सुगी सरली की यात्रांचा हंगाम सुरू होई. ट्रकवर प्रोजेक्टर, जनरेटर आणि तंबू लादून सिनेमावाले एका यात्रेतून दुसरीत जात. संध्याकाळपासून खांबावरचा भोंगा गाणी लावी, मधूनच खेळाची वर्दी देई आणि आसपासच्या वस्त्यांतून माणसे निघत. आत कापडी भिंती, वर आभाळ. आवाज परतवणारे काही नाही, त्यामुळे तो घुमत नसे. वारा फिरला की मात्र अर्धे वाक्य शेजारच्या पाळण्याकडे जाई. 1975 साली ‘शोले’ आला तेव्हा मुंबईच्या मिनर्व्हात तो 70 मिलिमीटरच्या पडद्यावर, सहा ध्वनिपट्ट्यांसह दिसला. तंबूत येणारी 35 मिलिमीटरची प्रत एकाच पट्टीवर बोलायची. आणि तरी ‘शोले’ आपल्याकडे पाठ झाला तो संवादांनी. त्याच्या संवादांची रेकॉर्ड निघाली होती. लग्नाच्या आणि गणपतीच्या मांडवांत ती गाण्यांसारखी वाजवली जाई. भोंग्यातून शब्द पोचले आणि शब्दांनी बाकीचा सिनेमा डोळ्यांपुढे उभा केला.

नंतरची चाल झपाट्याची. 1982 नंतर रंगीत टीव्ही, 1987 साली रविवारचे ‘रामायण’, एका घरी सेट आणि ओसरीपासून अंगणापर्यंत माणसे. मग भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभरात तीन सिनेमे बघण्याचे दिवस. मग व्हीसीडी, आणि 2007 साली मोसर बेअरने सिनेमाच्या तबकड्या तीस-पस्तीस रुपयांच्या आसपास विकायला काढल्या तेव्हा डीव्हीडीही तालुक्याच्या बाजारपेठेत आल्या. त्याच सुमारास ‘फाइव्ह पॉइंट वन’ लिहिलेली खोकी दुकानांच्या दारात दिसू लागली. त्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत आकडे असत, काही हजार वॉट, आणि शेवटी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’.

इथे आपल्या उघड्यावर शिकलेल्या कानांनी आपल्याला अडचणीत आणले. माळावर आवाजाची एकच परीक्षा असते, किती लांब जातो. तीच परीक्षा आपण घरातल्या वस्तूला लावली आणि विकणाऱ्याने ती ओळखली. पीएमपीओ म्हणजे निमिषभर निघू शकेल अशा शक्तीचा हवा तसा फुगवलेला आकडा. तो मोजण्याचा सर्वमान्य नियम नाही. अमेरिकेत असाच आकड्यांचा बाजार माजला तेव्हा तिथल्या व्यापार आयोगाने 1974 साली नियम करून अ‍ॅम्प्लिफायरची सततची शक्ती ठरावीक पद्धतीने मोजून सांगण्याचे बंधन घातले. आपल्या दुकानात असे बंधन हाताशी नसले तरी एक सोपी युक्ती आहे. यंत्र उलटे करून मागची पट्टी वाचावी. ते मुळात किती वॉट वीज घेते, हे तिथे लिहिलेले असते. साठ वॉट वीज घेणारे यंत्र सतत हजार वॉटचा आवाज कुठून आणणार?

आणि हजार वॉट हवेत कुणाला? हिशोब करून पाहू. घरगुती स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण 88 डेसिबल आवाज निघतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्यावर सहा डेसिबल कमी होतात. बारा बाय पंधराच्या खोलीत आपण आठ-नऊ फुटांवर बसतो, म्हणजे कानाशी ऐंशीच्या आसपास उरतात. एकमेकांशी बोलण्याचा आवाज साठीच्या घरात असतो. म्हणजे एका वॉटमध्येच घरातली मंडळी ‘जरा हळू करा’ म्हणण्याइतका आवाज होतो. स्फोटाच्या, ढगांच्या गडगडाटाच्या क्षणांसाठी पदरी थोडी शक्ती हवी, म्हणून प्रत्येक वाहिनीला खरेखुरे चाळीस-पन्नास वॉट असले की घरात भागते. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. कानाला ते जेमतेम जाणवतात, खिशाला मात्र चांगलेच.

पाच स्पीकरांचे प्रयोजनही समजून घ्यावे. 1933 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातील वाद्यवृंद तारेने वॉशिंग्टनला ऐकवला, तो डाव्या, उजव्या आणि मधल्या अशा तीन वाहिन्यांतून. सिनेमाने पुढे मधली वाहिनी संवादांसाठी वापरली, म्हणजे कोपऱ्यात बसलेल्यालाही शब्द पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. बाजूचे दोन स्पीकर वातावरणासाठी आणि ‘पॉइंट वन’ म्हणजे फक्त खालचा धुमारा. आपल्याकडे खोके निवडताना प्रात्यक्षिक होते ते नेमके या धुमाऱ्याचे. जमीन हादरली की गिऱ्हाईक खूश. मधल्या स्पीकरकडे कुणी पाहत नाही, आणि घरी आल्यावर आजी म्हणते, ‘गाडीचा आवाज येतोय रे, पण ती बाई काय बोलली?’

म्हणून माझा कौल असा, पैसे मोजके असतील तर पाच हलके स्पीकर घेण्यापेक्षा समोरचे दोनच चांगले घ्यावेत. समोरासमोर मधोमध बसल्यावर संवाद त्या दोन्हींच्या मधूनच येतो. पुढच्या दिवाळीला मधला, आणि तो पुढच्या दोघांच्याच जातीचा. मागचे आणि सबवूफर सावकाश. रिसीव्हर मात्र पहिल्यापासून पाच वाहिन्यांचा घ्यावा आणि स्पीकरचे ओहम त्याला मानवतात ना, एवढे पाहावे. टीव्हीशी जोडणाऱ्या एचडीएमआय तारेच्या खोबणीवर ‘एआरसी’ लिहिलेले असले की टीव्हीचा आवाज त्याच तारेने परत येतो. बाकी बटणांची यादी वाचत बसू नये.

खोलीवर मात्र वेळ घालवावा. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात जाड पांढऱ्या मातीच्या खडबडीत भिंती, वर लाकूड आणि मातीचे छत, कोनाडे, खुंट्यांवर कपडे. तिथे बोललेले घुमत नसे. स्लॅबच्या खोलीत गुळगुळीत फरशी, गुळगुळीत गिलावा आणि समोरासमोर दोन सपाट भिंती. टाळी वाजवून बघा, मागे झणझण ऐकू येते. तोच झणकार प्रत्येक संवादाच्या शेपटीला चिकटतो. तो काढायला परदेशी फलक विकत आणायची गरज नाही. खाली जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचे किंवा कपड्यांचे उघडे कपाट. आणि घरात ठेवणीतल्या वाकळी असतील तर एक मागच्या भिंतीवर टांगून पाहा. लुगड्यांचे थरावर थर शिवलेली वाकळ वरचा झणकार चांगला गिळते. पाहुणे विचारतील, विचारू देत.

आणखी एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. परळीच्या औष्णिक केंद्रात 1971पासून वीज तयार होऊ लागली, आणि 2000 नंतरच्या दशकात त्याच जिल्ह्यातल्या गावांनी तासन्‌तास भारनियमन सोसले. 2015च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून केंद्रच बंद ठेवावे लागले. वीज जाते-येते तेव्हा दाब उसळतो, म्हणून रिसीव्हरच्या आधी स्टॅबिलायझरचे पैसे बाजूला काढावेत. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते. तिच्यावर रिसीव्हर गुरगुरतो आणि माणूस दुकानदाराशी भांडतो. शुद्ध साइन लाटेचा इन्व्हर्टर आणि नीट अर्थिंग असले की बहुतेक गुरगुर थांबते.

शेजाऱ्यांचेही बघायला हवे. 2000 साली झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहानंतर सबवूफरचा धुमारा विटांच्या भिंतीतून शेजारी जातो, शब्द जात नाहीत. त्यासाठी बहुतेक रिसीव्हरांत ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो.

दुकानात जाताना आपल्याला पाठ असलेला एखादा मराठी सिनेमा सोबत न्यावा, शक्यतो भरपूर बोलण्याचा. दुकानदाराला मारामारीचा प्रसंग लावू देऊ नये. आवाज घरी ठेवाल त्याहूनही खाली आणायला सांगावा आणि डोळे मिटून बसावे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर नेता आले तर उत्तमच. त्यांनी ‘कळलं’ म्हटले की पैसे द्यायला हरकत नाही.