मांडी घालता येईल का?

कृत्रिम पाय आणि कॅलिपर बनवण्यात माझं आयुष्य गेलं. माप द्यायला आलेले माजी सैनिक पळता येईल का, असं फारसं विचारत नसत. पंगतीत मांडी घालता येईल का, बांधावरून जाता येईल का, देवळात अनवाणी उभं राहता येईल का, हे त्यांचे प्रश्न. सैन्यातून परतलेल्या माणसासाठी आपल्याकडे जे उभं राहिलं, ते मी याच प्रश्नांवर तपासतो.

पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली आणि एप्रिल 1916 मध्ये तिथल्याच कुट शहरात शत्रूला शरण गेली. मराठा पलटणींचे जवान तिच्यात होते. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाचे 46 जण त्या महायुद्धात कामी आले. हातपाय गमावून जे जिवंत परतले, त्यांच्यासाठी 1917 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. ते पुढे खडकीला आलं. नुसत्या पेन्शनीवर न सोडता जवानाला पोटापाण्याचा धंदा शिकवायचा, हा त्यामागचा विचार. ती संस्था आजही अपंग जवानांना शिकवते.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच, 1944 मध्ये, पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आलं. आता कारागिरीचा प्रश्न पुढे आला. कृत्रिम पायाचं सॉकेट उरलेल्या पायाच्या टोकावर, म्हणजे स्टंपवर, नीट बसलं नाही, तर कितीही भारी पाय खुंटीला टांगला जातो. शिवाय पाश्चात्त्य धर्तीचा पाय खुर्ची आणि बुटांच्या जगासाठी घडलेला. त्याचा घोटा वाकत नसे, त्यामुळे उकिडवं बसणं अवघड. बुटाशिवाय तो पाय वापरताही येत नसे. याला 1968 च्या सुमारास जयपूरमध्ये उत्तर सापडलं. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर आणि लाकडाचा असा पाय केला, जो अनवाणी चालतो, चिखलात उतरतो आणि उकिडवं बसू देतो. रुग्ण घरी कसा बसतो, याचा त्यांनी विचार केला होता.

ज्यांना कोणताच पाय उपयोगाचा नाही, त्यांचं काय? 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर मूळचे बॉक्सर. ते पोहण्याकडे वळले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. दोनच वर्षांनी, 1974 मध्ये, मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं. तिथे व्हीलचेअर जाईल अशी वाट आहे, खेळ आहेत, तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे जवान आहेत. माणसाला जागेच्या मापात बसवण्याऐवजी तिथे जागाच माणसाच्या मापाची केली आहे.

शंभर वर्षांचा हा सगळा शहाणपणा मात्र छावणीच्या फाटकापाशी थांबतो. गावात ग्रामपंचायतीला पायऱ्या, बँकेला पायऱ्या, घराला उंच उंबरठा. जवानांच्या नावाची कमान उभारायला आपल्याकडे वर्गणी लगेच जमते. पुढच्या वेळी ती जमेल, तेव्हा आधी गावातल्या माजी सैनिकाला विचारा की कुठे अडतं, आणि पहिला खर्च त्या पायरीवर करा.