गारद्याचा कोट

आज एका बोटभर उंचीच्या शिपायाची गोष्ट सांगणार आहे. शिपाई मातीचा. पण त्याच्या कोटाने मला तीन आठवडे झुलवलं.

दिवाळीत आमच्या चामोर्शीत शेजारची मुलं अंगणात किल्ला करतात. मावळे बाजारातून येतात, पण काही मुलं घरीच माती मळून करतात. रंगवायला माझ्याकडे आणतात, कारण तरुणपणी मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. गेल्या खेपेला शेजारच्या मुलाने किल्ल्याच्या पायथ्याशी चक्क पानिपत मांडायचं ठरवलं. शाळेत धडा झाला होता. मराठे भगवे, अब्दालीचे हिरवे, अशी वाटणी त्याने स्वतःच करून टाकली होती. एक शिपाई उरला.

"काका, हा इब्राहिमखान गारदी. याला हिरवा देऊ ना?"

मी विचारलं, "तो कोणाच्या बाजूने होता?"

पोरगा थबकला. म्हणाला, "आपल्या."

"मग?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर डबीतला रंग माझ्याही हाताशी नव्हता. मी म्हटलं, थांब, बघतो. आणि नागपूरच्या एका ग्रंथालयात जाऊन बसलो.

गारदी हा शब्द फ्रेंच 'गार्द' वरून, म्हणजे पहारा किंवा पहारेकरी यावरून आला असं मानतात. तेव्हा सुरुवात फ्रेंचांपासून केली. युरोपात असे चिमुकले शिपाई रंगवण्याचा छंद चांगल्या पोक्त माणसांना असतो, आणि एका बटणावरून ते तासन्‌तास भांडतात. त्यांना भांडायला आधार आहे. सरकारने गणवेशाचे नियमच छापून ठेवले आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून राज्यक्रांतीपर्यंत फ्रेंच पायदळाचा कोट पांढरा होता. पांढरा म्हणजे दुधासारखा नव्हे, तर न रंगवलेल्या लोकरीचा, करड्या झाकेचा. रंगाचा खर्च वाचला! पलटण ओळखायची ती कॉलर, बाहीची दुमड आणि बटणं यांवरून. क्रांतीनंतर, १७९३ पासून, कोट निळा होऊ लागला. निळा म्हटला की नीळ आली, आणि चांगली नीळ यायची समुद्रापलीकडून. समुद्रावर इंग्रज बसलेले. नीळ मिळेना, तेव्हा १८०६ मध्ये नेपोलियनने काही पलटणींना पुन्हा पांढरे कोट चढवले. पांढऱ्यावर रक्त फार दिसतं म्हणून त्याने तो बेत सोडला, अशी कथा सांगतात. ते काही असो, कोट परत निळा झाला. पुढे १८२९ मध्ये त्यांच्या शिपायांना लाल विजारी मिळाल्या. तो लाल रंग आपल्या मंजिष्ठेच्या बहिणीचा, मुळांपासून काढलेला. १९१४ च्या महायुद्धात त्याच लाल विजारी दुरून नेम धरायला सोयीच्या ठरल्या.

आता आपल्याकडे येऊ. निजामाच्या दरबारात १७५१ पासून बुसी नावाचा फ्रेंच सरदार होता. मराठी कागदांत तो 'मुसा बुसी'. फ्रेंच 'मॉन्शुर'चं आपण 'मुसा' करून टाकलं, अगदी घरातलं नाव वाटावं असं. या बुसीने हिंदुस्थानी माणसं घेऊन कवायती पलटणी उभ्या केल्या. १७५८ मध्ये त्याला दख्खनमधून परत बोलावलं गेलं, पण त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं इथेच राहिली. इब्राहिमखान त्यांतला. निजामाकडून सुटल्यावर तो सदाशिवरावभाऊंकडे आला. भाऊंनी त्याला ठेवून घेतलं हे विशेष, कारण १७५९ मध्येच मुजफ्फरखान गारद्याच्या कटातून भाऊसाहेब जेमतेम वाचले होते. एका गारद्याचा वार चुकवायचा आणि दुसऱ्या गारद्यावर सगळी लढाई सोपवायची, याला छाती लागते.

पानिपतचा सगळ्यांत जवळून लिहिलेला वृत्तान्त काशीराज पंडिताचा. तो शुजाउद्दौल्याच्या नोकरीत, म्हणजे पलीकडच्या बाजूला; लिहिलं फारसीत. मी त्यात कोटाचा रंग शोधत होतो, आणि सापडला पगार. लढाईच्या सकाळी, १४ जानेवारी १७६१ ला, इब्राहिमखान भाऊंपुढे आला. माझ्या माणसांच्या दरमहा पगारासाठी मी हट्ट धरत होतो, त्याचा आपल्याला राग यायचा. आज त्या पगाराचं चीज करून दाखवतो, अशा अर्थाचं बोलला. मग एक निशाण स्वतःच्या हातात घेतलं, गोळीबार थांबवायला लावला आणि संगिनी रोखून रोहिल्यांवर चालून गेला. त्याच्या नऊ पलटणींपैकी सहा जवळजवळ कापल्या गेल्या. भाल्यांच्या जखमा आणि गोळी लागूनही तो रणातून हटला नाही. जिवंत सापडला, पण पुढे कैदेत त्याचा अंत झाला. समोरचे त्याचेच धर्मबांधव होते.

हे वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. कारण गारदी म्हटलं की आपल्याला आठवतो तो ३० ऑगस्ट १७७३ चा शनिवारवाडा, "काका मला वाचवा" आणि 'ध'चा 'मा'. त्या दिवशी नारायणराव पेशव्यांवर तलवार उचलणाऱ्यांत सुमेरसिंग होता, खरगसिंग होता आणि महंमद इसफही होता. नावं नीट ऐका. गारदी ही जात नव्हती, धर्मही नव्हता. ती नोकरी होती. त्यांच्याही तोंडी थकलेला पगार होताच. त्याच नोकरीतून एक पानिपतावर निशाण घेऊन पुढे जातो, आणि एक धन्याच्याच महालात शिरतो. शब्दाने मात्र दुसऱ्यालाच लक्षात ठेवलं. कवी म्हणून मला भाषेचं कौतुक आहे, पण इथे ती जरा अन्यायानेच वागली असं वाटतं.

कोट आणि पगाराची ही जोडी पुढेही सुटत नाही. ११ मार्च १७९५ ला खर्ड्याला निजाम हरला. त्याच्याकडे रेमंड या फ्रेंच माणसाच्या पलटणी आणि आपल्याकडे शिंद्यांच्या कंपूवर पेराँ, तोही फ्रेंच. रेमंडच्या लोकांच्या बटणांवर फ्रेंच क्रांतीची 'स्वातंत्र्याची टोपी' कोरलेली असे, अशी इंग्रजांची तक्रार होती. बटणावर स्वातंत्र्य, पण पगार थकलेला! १७९८ च्या ऑक्टोबरात याच शिपायांनी थकलेल्या पगारासाठी आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केलं, आणि लढाई न होताच इंग्रजांनी त्या पलटणी मोडल्या. रेमंड त्याच वर्षी मार्चमध्ये गेला होता. हैदराबादेत त्याची कबर आहे. मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणत, हिंदू मूसा राम. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याला, नदी ओलांडली की तेलंगण सुरू होतं; तिथून हैदराबाद फार परकं वाटत नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी रंगायला बसलो. कोटाला चुना दिला आणि त्यात चिमूटभर राख घातली. कवायत ज्याच्याकडून शिकला त्याचा रंग, एवढाच माझा तर्क. मुलालाही तसंच सांगितलं, की हा अंदाज आहे, कोणी जाणकाराने खोडला तर आपण बदलू. बाहीच्या दुमडीला गेरू. बंदुकीला काजळी. संगिनीसाठी छत्रीच्या काडीचा तुकडा घासून लावला. तिच्याबद्दल मात्र अंदाज नाही, ती काशीराजाने लिहूनच ठेवली आहे.

मुलाने शिपाई हातावर घेऊन फिरवून पाहिला. "काका, याच्या हातात निशाण पण पाहिजे ना?"

विसरलोच होतो. अगरबत्तीच्या काडीला भगव्या कागदाचा तुकडा चिकटवून दिला. त्याने तो शिपाई उचलला आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेला, रोहिल्यांच्या बरोबर समोर, नेऊन उभा केला.